जुना ट्रॅक्टर पाहायला आम्ही धाटावला जातो



गणपती गेले की आपल्याकडे दोन गोष्टींची बोलणी सुरू होतात. एक, पहिली उचल किती मिळणार. आणि दुसरी, यंदा ऊस कोण वाहणार. पहिलीवर या पानात पुष्कळ लिहून झाले आहे. दुसरीवर मात्र आपण शेतकी खात्याच्या ओट्यावर बसून नुसतेच बोलतो. तोडणी-वाहतुकीचे करार व्हायचे असतात, मुकादमाला पैसे द्यायचे असतात, आणि नवा ट्रॅक्टर घ्यायची ऐपत असतेच असे नाही. मग माणूस जुन्याच्या शोधाला लागतो. कोणीतरी सांगतो की अमक्या गावात एक आहे, रंग बघाल तर नवाकोरा. झाले, माणूस रंग बघून येतो आणि इसार देऊन मोकळा होतो.

यंदा आपल्या एका जुन्या सभासदांवर, त्यांना आपण तात्या म्हणू, हीच वेळ आली. गेल्या हंगामात त्यांचा ट्रॅक्टर दोन भरल्या ट्रॉल्यांसह रस्त्यात बसला तो दोन दिवस उठला नाही. ऊस तोडला की घटका मोजायला लागतो, हे आपल्याला सांगायला नको. पाणी उडून वजन घटते ते काट्यावर दिसते. पण आतली साखर फुटून जी साखर उरते तिचा दाणा बनत नाही, ते नुकसान काट्यावर दिसत नाही. तात्यांचा ऊस दोन दिवस उन्हात, टोळी दोन दिवस बसून, आणि फिटर तालुक्याहून यायचा. तेव्हाच त्यांनी ठरवले होते की हा ट्रॅक्टर आता काढायचा.

धाटावचे नाव काढले ते तात्यांच्या मेव्हण्यांनी. रोह्याजवळ धाटावला रासायनिक कारखान्यांची मोठी वसाहत आहे. तिथे माती-मुरूम ओढणारे, पाण्याचे टँकर फिरवणारे ठेकेदार असतात, आणि एक ठेका संपला की त्यांची वाहने निघतात. भाव आपल्याकडल्यापेक्षा उतरता असतो असे त्यांचे म्हणणे. तात्या आम्हाला म्हणाले, "तुम्ही दर अंकात शहाणपण सांगता, चला की एकदा बरोबर." नाही कसे म्हणणार? कारखान्याच्या वाहन विभागातून निवृत्त झालेले आपले मिस्त्री यांनाही घेतले. खरे तर हा लेख त्यांचाच आहे, आम्ही फक्त लेखणी धरली.

पहाटे निघालो. पौड, मुळशी, मग ताम्हिणीचा घाट. पाऊस सरत आला होता तरी घाटात धुके होतेच. विळ्याहून सुतारवाडीवरून कोलाड आणि तिथून रोह्याच्या रस्त्याला लागलो, की रोह्याच्या अलीकडे धाटाव. कुंडलिका नदी दिसली तेव्हा मिस्त्री म्हणाले, "तात्या, हे पाणी ओळखलंत का? मुळशीचंच की. आपण घाट उतरून आलो, हे डोंगरातून उतरलं." खरेच आहे ते. मुळशीच्या धरणाचे पाणी भिऱ्याच्या वीजघरात १९२७ सालापासून पडते आहे आणि तिथून कुंडलिकेला मिळते. त्याच धरणासाठी जमिनी गेल्या म्हणून मावळातल्या शेतकऱ्यांनी १९२१ साली सत्याग्रह केला, सेनापती बापटांनी त्यात तुरुंग भोगला. तात्या बराच वेळ नदीकडे बघत राहिले. पण आपला विषय ट्रॅक्टर.

पहिले वाहन जे दाखवले ते ट्रॅक्टर नव्हतेच. एक भक्कम दिसणारी पिकअप गाडी होती. दाखवणारा म्हणाला, "ट्रॅक्टर कशाला घेता? हिला मागे हूक मारा, ट्रॉली लावा, वाऱ्यासारखी पळेल." तात्यांचा जीव थोडा हलला, कारण किंमत कमी होती. मिस्त्रींनी मागच्या बाजूला बसून पाट्यांखाली नजर टाकली आणि आम्हालाही वाकायला लावले. गाडीने पिंपे वाहिली होती. कशाची, ते विचारायची गरज नव्हती. हौद्याच्या पत्र्याला बोट लावले तर पापुद्रा हातात येत होता. पायाखालची रबरी चटई उचलली तर खालचा रस्ता दिसला. ब्रेकची बारीक नळी जिथे चासीला धरून जाते तिथे ती फुगून आली होती. धाटावसारख्या ठिकाणी वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या पुढे पाऊस, समुद्राची दमट हवा, आणि त्यात पिंपातून सांडलेले चार थेंब. लोखंडाने तरी काय करावे!

आणि हुकाचे म्हणाल तर पिकअप ही पाठीवर ओझे वाहायची गाडी आहे, ओढायची नव्हे. मागचा हूक चिखलात अडकलेली गाडी ओढून काढायला दिलेला असतो. त्याला दहा टनाची ट्रॉली लावणे म्हणजे शेळीला नांगराला जुंपणे.

यावरून आम्हाला एक गोष्ट आठवली, ती इथेच सांगून टाकतो. आपल्या एका सभासदाचा मुलगा अमेरिकेत असतो. मागे त्याने एक फोटो पाठवला होता. पुढे एक अवाढव्य पिकअप आणि तिच्यामागे चाकांवरचे घर, झोपायला पलंग, चूल, मोरी, सगळे आत. त्याला ते लोक कॅम्पर म्हणतात आणि सुट्टीत बायकापोरांसह रानोमाळ हिंडतात. या मुलाला जुनी पिकअप घ्यायची होती, म्हणून तो काय काय बघत होता ते त्याने वडिलांना फोनवर सांगितले. तिथे गाडीच्या दाराच्या चौकटीवर कागद चिकटवलेला असतो, त्यावर ही गाडी किती वजन झेलेल ते छापलेले असते. गाडी किती ओढू शकते याचा आकडा कंपनी वेगळा देते. आणि बहुतेक राज्यांत ठरावीक वजनावरच्या ट्रेलरला स्वतःचे ब्रेक असावेच लागतात. पुढच्या गाडीने ब्रेक दाबला की मागच्या घराचेही ब्रेक लागतात. आम्ही तेव्हा हसण्यावारी नेले होते. आता वाटते, हसण्यासारखे त्यात काय होते? चाकांवरचे बिऱ्हाड आपल्याकडेही आहेच. दसरा-दिवाळीच्या सुमाराला बीडकडून टोळी येते ती कशात येते? ट्रॉलीतच. खाली कोपीचे बांबू, चटया, ताडपत्री, वर पिठाचे डबे, हंडे, शेरडे, आणि त्यावर म्हातारी माणसे आणि पोरे. त्यांचा कॅम्पर हौसेचा, आपल्या टोळीचा पोटाचा, एवढाच फरक. आणि एक फरक: आपल्या ट्रॉलीला ब्रेक नसतात. मागे कितीही वजन असो, थांबवायचे पुढच्या ट्रॅक्टरने एकट्याने.

जरा हिशेब करा. पंचेचाळीस-पन्नास हॉर्सपॉवरच्या ट्रॅक्टरचे स्वतःचे वजन दोन टनांच्या आसपास. मागे दोन ट्रॉल्यांत मिळून पंधरा-वीस टन ऊस. म्हणजे एका माणसाने आठ-दहा माणसे दोरीने बांधून उतारावर न्यायची. चढताना ती मागे ओढणार, उतरताना ती पाठीवर येणार. म्हणून मिस्त्रींचे म्हणणे असे की जुना ट्रॅक्टर बघताना "किती ओढतो?" हा प्रश्न शेवटी विचारा. ओढतो कोणीही. "थांबतो का, आणि धरून ठेवतो का?" हे आधी बघा.

दुसरे वाहन पाहायला आम्ही रोह्याच्या बाजूला एका दलालाकडे गेलो. ट्रॅक्टर पन्नासच्या वरचा, लालभडक रंग, टायरला काळे पॉलिश, सीटला नवे कव्हर. तात्यांचा चेहरा उजळला. मिस्त्रींनी काही न बोलता इंजिनावर हात ठेवला.

"गरम आहे," ते म्हणाले.

"आत्ताच फिरवून आणला, तुमच्यासाठी," दलाल म्हणाला.

"आम्ही काल फोनवर सांगितलं होतं, आम्ही येईपर्यंत चालू करू नका म्हणून."

इथे वाचकांनी नीट लक्ष द्यावे. थंड इंजिन पहाटे कसे उठते यात त्याची निम्मी कुंडली असते. रिंगा झिजल्या असतील तर थंड इंजिन लवकर पेट घेत नाही, आणि घेतला की निळा धूर सोडते, म्हणजे तेल जळते आहे. पांढरा धूर निघून थांबत नसेल तर हेड गॅस्केटमधून पाणी आत जात असेल किंवा डिझेल नीट जळत नसेल. काळा धूर ओझ्याखाली थोडा येणारच, पण रिकाम्या ट्रॅक्टरने काळा ओकला तर नोझल-पंपाचे काम आले. आणि इंजिन चालू असताना तेलाचे झाकण उघडून बघावे. तिथून भकाभका वाफ येत असेल तर रंग कितीही लाल असो, आतून म्हातारा झालेला आहे. गरम करून ठेवलेल्या इंजिनात यातले बरेचसे झाकले जाते.

मीटरवर एकतीसशे तास होते. मिस्त्रींनी क्लचच्या पायट्यावरची रेघ दाखवली. पायट्याचे खाच पार गुळगुळीत झाले होते, एका बाजूला लोखंड चमकत होते. "एकतीसशे तासांत माणसाचा पाय एवढं लोखंड खात नाही," ते म्हणाले. मीटरची केबल काढून ठेवणे ही जुनी युक्ती आहे.

मग त्यांनी खिशातून रुमाल काढला आणि क्लच हाऊसिंगचा सांधा पुसला. पुष्कळांना हे माहीत नसते की ट्रकला जशी चासी असते तशी नेहमीच्या ट्रॅक्टरला नसते. इंजिन, क्लचचे हाऊसिंग, गिअरबॉक्स आणि मागचा डिफरन्शियल हे एकमेकांना बोल्टने जोडलेले असतात, आणि तोच त्याचा कणा. सगळी ओढ त्या सांध्यांतून जाते. ज्याने वर्षानुवर्षे बेसुमार दोन ट्रॉल्या ओढल्या त्याचा कणा इथे बोलतो. पुसल्यावर रंगाखाली वेल्डिंगची गाठ हाताला लागली. बिडाच्या हाऊसिंगला वेल्डिंग. मिस्त्री उठून उभे राहिले, म्हणाले, "चला."

पण तात्या अजून रेंगाळत होते. म्हणून मिस्त्रींनी त्यांना मागे नेऊन हूक दाखवला. कोणीतरी मूळ हूक काढून वीतभर उंच नवा बसवला होता, मागच्या आसाच्याही वर. ही चूक आपल्या भागातही सर्रास होते, कारण ट्रॉलीची दांडी उंच असते आणि ट्रॅक्टर बदलतो. ओढ जेवढी वरून बसते तेवढा ट्रॅक्टर मागे कलंडायला बघतो. चढावर पुढची चाके हलकी होतात, सुकाणू फिरवले तरी ट्रॅक्टर वळत नाही, आणि जास्त झाले तर पुढचे तोंड घोड्यासारखे उभे राहते. हूक खाली, आसाच्या खालच्या पातळीत हवा. बंपरला वजने लावली म्हणजे भागले असे समजू नये.

कागद मागितले तेव्हा दलालाने आरसी बुकाची झेरॉक्स दिली. त्यावर वित्तसंस्थेचा बोजा तसाच होता. तो म्हणाला, कर्ज केव्हाच फिटले, फक्त कागद काढायचा राहिला. असेलही. पण हल्ली मोबाईलवर परिवहन खात्याच्या ॲपवर नंबर टाकला की बोजा, विमा, थकलेले दंड सगळे दिसते. तात्यांच्या नातवाने गाडीतच बसून ते काढून दाखवले. विमा संपून वर्ष उलटले होते.

इथे आमची स्वतःची एक गोष्ट सांगायला हवी. सांगायला बरे वाटत नाही, पण सांगितल्याशिवाय मिस्त्री एवढे का चिकटतात ते कळणार नाही.

२०११ साली आमच्या घरी एक जुना ट्रॅक्टर घेतला. कुठून घेतला ते राहू द्या. पंचावन्न हॉर्सपॉवरचा होता, आणि आम्ही तेवढेच पाहिले होते. वाटले, जास्त ताकद म्हणजे जास्त खेपा. हंगाम सुरू व्हायच्या आधी टोळी आणायला तो गेला आणि येताना आमच्याच गावच्या पाटाच्या चढाला लागला. चढ तो केवढा, बैलगाडी हसत चढायची. पुढची चाके उचलली म्हणून ड्रायव्हरने घाबरून क्लच दाबला, ब्रेकवर उभा राहिला. डावा ब्रेक लागला, उजवा लागलाच नाही. ट्रॅक्टर आडवा झाला आणि दोन्ही ट्रॉल्या मागे सुटल्या. मागच्या ट्रॉलीत आठ कोयत्यांचे बिऱ्हाड होते. बायांनी पोरे घेऊन उड्या टाकल्या. ट्रॉली पाटाच्या भरावात रुतून कलंडली, म्हणून पाण्यात गेली नाही. सहा वर्षांच्या एका पोराचा हात मोडला. हात जुळला, दवाखाना आम्हीच केला. पण त्याची आई मोडलेल्या डब्यातले पीठ मातीतून वेगळे करत बसली होती, ते अजून डोळ्यांपुढून जात नाही. त्या दिवशी ट्रॅक्टर उचलायला जे आले होते ते हेच मिस्त्री. त्यांनी मागचे चाक खोलले तर आसाचे ऑइल सील गेलेले, आणि ब्रेकच्या लायनरवर तेल. घेण्याआधी चाकाच्या आतल्या बाजूला बॅटरी मारून पाहिली असती तर ओघळ दिसला असता. दोन मिनिटांचे काम होते.

असो. दुपारी जेवून आम्ही तिसऱ्या ठिकाणी गेलो. धाटावचाच एक ठेकेदार, पन्नाशीचा माणूस, अंगणात खुर्च्या टाकून बसला होता. त्याचा पंचेचाळीस हॉर्सपॉवरचा ट्रॅक्टर बांधकामांवर पाण्याचा टँकर ओढायचा. मुलगा आता नोकरीला लागला, म्हणून धंदा आवरता घेतला होता. ट्रॅक्टर बघून तात्यांचे तोंड उतरले. रंग उडालेला, मडगार्डला गंजून भोक, बॅटरीची पेटी तर निम्मी खाऊन गेलेली.

"बघा, काय बघायचा तो बघा," मालक म्हणाला. "लपवायचा काय नाय आमच्यात. चाय सांगू का?"

इंजिन थंडगार होते. मिस्त्रींच्या कपाळावरची एक आठी तिथेच गेली. दुसऱ्या झटक्याला इंजिन उठले, थोडा पांढुरका धूर निघाला आणि मिनिटभरात विरला. मडगार्डच्या भोकाकडे त्यांनी पाहिलेही नाही. "पत्रा बाजारात मिळतो," म्हणाले. पण चाकाच्या रिमला जिथे हवेचा व्हॉल्व्ह असतो तिथे ते बराच वेळ टोकरत बसले, कारण टायरमध्ये वजनासाठी पाणी भरण्याची रीत असते आणि रिम आतून तिथेच कुजते. रिम शाबूत होती. हाऊसिंगचा सांधा कोरडा, बोल्ट सगळे एका जातीचे, कंपनीचे. चासी नंबर खोदलेला होता तो आरसीशी अंक अंक ताडून घेतला. पुढच्या आसाचे चाक दोन्ही हातांनी हलवले तर खडखड आली, बुश गेलेले. डाव्या मागच्या चाकाच्या आत तेलाचा ओलावा होता. मालकाने स्वतःच सांगितले, "सील बदलायला झालंय, खोटं कशाला बोलू."

स्पेअर पार्टचेही तिथेच विचारून घेतले. हा मुद्दा छोटा, पण माणसे विसरतात. आपल्या तालुक्याच्या गावी ज्याचे सामान मिळते आणि ज्याला हात लावणारा फिटर आहे, तोच ट्रॅक्टर आपला. एचएमटीचा ट्रॅक्टर एके काळी आपल्याकडे किती होता! पिंजोरचा तो ट्रॅक्टर कारखाना बंद करण्याचा निर्णय केंद्र सरकारने २०१६ साली घेतला. यंत्र चांगले म्हणून आज कोणी स्वस्तात देऊ केला तरी भर हंगामात गिअर तुटला तर सामान कुठून आणणार?

मग मिस्त्रींनी एक अजब मागणी केली. "टँकर भरून लावा."

मालक बघतच राहिला. पण टँकर दारातच होता, पाच हजार लिटरचा. पाण्याचा फायदा असा की काट्यावर जावे लागत नाही. पाच हजार लिटर म्हणजे पाच टन, वर टँकरचे वजन वेगळे. अर्ध्या तासात भरला. जवळच एक मुरुमाचा चढ होता. मिस्त्रींनी मालकाच्या ड्रायव्हरला बसवले आणि स्वतः बाजूने चालत राहिले. अर्ध्या चढावर थांबवले. दोन्ही ब्रेकचे पायटे कडीने जोडून दाबायला लावले. ही कडी शेतात वळताना काढतात आणि रस्त्यावर घालायला विसरतात, त्यातूनच ट्रॅक्टर आडवे होतात. हँडब्रेक ओढला, पाय काढला. पाणी टँकरमध्ये मागे-पुढे आदळत होते, ट्रॅक्टर बोटभर सरकला आणि थांबला. पाच मिनिटे तसाच ठेवला. मग पहिल्या गिअरमध्ये उचलायला सांगितले. इंजिनाचा आवाज चढला आणि ट्रॅक्टर त्याबरोबर उठला. आवाज चढून ट्रॅक्टर जागीच राहिला असता, किंवा करपल्याचा वास आला असता, तर क्लच प्लेट गेली असे समजायचे.

उतरताना खालचा गिअर, न्यूट्रल अजिबात नाही. डिझेल वाचवायला म्हणून उतारावर न्यूट्रल मारणारे महाभाग आपल्यात आहेत, त्यांची नावे आम्ही छापत नाही एवढेच. मध्येच मिस्त्रींनी हात वर केला, ड्रायव्हरने ब्रेक मारला. मग मिस्त्री खाली वाकून मुरुमावरच्या घासट्या पावलांनी मोजू लागले. उजव्या चाकाची घासट लांब, डाव्याची आखूड. म्हणजे डावा ब्रेक कमी धरत होता, आणि तेलाचा ओलावाही त्याच चाकाला होता. दोन्ही गोष्टी जुळल्या.

"हे टँकर म्हणजे आपल्या एका भरल्या ट्रॉलीपेक्षाही कमी," ते आम्हाला हळूच म्हणाले. "ह्यावरून हा दोन ट्रॉल्या ओढेल असं मी म्हणणार नाही. पण कणा सरळ आहे आणि जे बिघडलंय ते दिसतंय. दिसणारा बिघाड परवडतो."

तात्यांनी विचारले, "मग दोन लावायच्या का एक?"

मिस्त्री म्हणाले, "सपाटीला दोन, कमी भरून. पाटाच्या रस्त्याला एकच. आणि टोळी आणायला ट्रॉली नाहीच. टेम्पो करा, नाहीतर एसटीचं भाडं द्या."

तात्यांना ते पटले नाही, निदान लगेच नाही. सगळेच ट्रॉलीतून आणतात, मुकादम वेगळे भाडे मागेल, एवढा खर्च कुठून काढायचा, असे त्यांचे म्हणणे. ते खोटे नाही. वाहतुकीच्या दरात हा खर्च कुठे धरलेला असतो? करार ट्रॅक्टरवाल्याच्या नावाने, उचल त्याच्या अंगावर, टोळी पळाली तर बुडाला तो. पण ट्रॅक्टरवर बसायची परवानगी फक्त चालकाला असते, आणि ट्रॉलीतल्या माणसांना काही झाले की विमा कंपनीशी वर्षानुवर्षे कोर्टात भांडावे लागते, हेही खोटे नाही. ट्रॉलीची नोंदणी वेगळी आणि विमा वेगळा असतो, हे तर आपल्यातल्या निम्म्यांच्या गावीही नसते. संचालक मंडळाने करारातच टोळीच्या प्रवासाचे भाडे वेगळे धरावे असे आम्हाला वाटते. वार्षिक सभेत हा विषय कोणी मांडला तर आम्ही अनुमोदन देऊ.

सौदा व्हायला संध्याकाळ झाली. मालकाने चार लाख वीस हजार सांगितले होते. सील, ब्रेक, बुश आणि पुढचे दोन टायर यांचा हिशेब मिस्त्रींनी कागदावर मांडला आणि तीन लाख पंचाहत्तर हजारांवर तुटले. तात्यांनी निम्मे दिले, निम्मे कागदांवर ठेवले. यात मालकाला राग आला नाही, उलट तो म्हणाला, "असाच करा, माझापण डोक्याचा ताप जातो."

तो म्हणाला ते किती खरे आहे ते विकणाऱ्यांनीही ध्यानात ठेवावे. ट्रॅक्टर विकला, पैसे घेतले, सह्या करून दिल्या, म्हणजे आपण सुटलो असे नाही. जोवर आरसीवर आपले नाव आहे तोवर अपघाताची जबाबदारी आपल्यावर येते, असा निकाल सर्वोच्च न्यायालयाने २०१८ साली दिला आहे. म्हणून फॉर्म २९ आणि ३० वर दोघांच्या सह्या त्याच दिवशी कराव्या. राज्यातल्या राज्यात विकणाऱ्याने चौदा दिवसांत परिवहन कार्यालयाला कळवायचे असते. बोजा असेल तर तो उतरवल्याचा फॉर्म ३५ आधी हातात घ्यावा. हा ट्रॅक्टर एमएच ०६ चा, म्हणजे पेणच्या कार्यालयाचा. तिथले ना हरकत प्रमाणपत्र फॉर्म २८ वर निघते, मग आपल्या कार्यालयात नाव चढते. विमाही आपल्या नावावर करून घेण्याचा अर्ज चौदा दिवसांत द्यायचा. आणि कोऱ्या फॉर्मवर सह्या घेऊन ट्रॅक्टर तिसऱ्याला, चौथ्याला फिरवण्याची जी पद्धत बाजारात आहे तिच्या वाटेला जाऊ नये.

ट्रॅक्टर घाट चढून आला तो चार दिवसांनी. सील आणि ब्रेक रोह्यातच करून घेतल्याशिवाय मिस्त्रींनी तो हलू दिला नाही. आणताना ड्रायव्हर मालकाचा, विमाही मालकाच्या नावाचा चालू, मागे ट्रॉली नाही. गावात शिरला तेव्हा पोरांनी रंग बघून पुष्कळ चेष्टा केली. तात्यांनी मागे रेडियमच्या लाल पट्ट्या आणि दोन्ही ट्रॉल्यांना नवे दिवे लावायला घेतले आहेत. हूक मात्र धाटावच्या मालकाने दिला तोच, खालच्या भोकात.

पेणचा कागद हे लिहीपर्यंत आलेला नाही. तोवर ट्रॅक्टर गोठ्यासमोर ताडपत्रीखाली उभा आहे, कामाला लावलेला नाही. तात्या रोज सकाळी चहाच्या आधी डाव्या चाकाखाली वाकून जमिनीवर तेलाचा थेंब पडला आहे का ते बघतात.